दुसरा आवाज

पुलगावच्या त्या रेकॉर्डिंगवाल्यावर माझा पहिल्यापासून संशय. हेडफोन एकाच कानाला लावायचा. दुसरा कान गिऱ्हाइकाच्या बोलण्याकडे. विहिरीच्या वाटणीबद्दल माझा भाऊ माझ्याशी जे बोलला होता, ते मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याच्या घरघरीत बुडालं होतं.

"काही बदलू नका," मी दोनदा बजावलं.

"मी आवाज टाकत नाई, भाऊ. आहे तोच वर आणतो."

इक्वलायझरच्या डावीकडच्या पट्ट्या त्यानं खाली ओढल्या, मधल्या वर सरकवल्या आणि स्पीकर लावला. भाऊ स्वच्छ म्हणाला, "विहीर दोघायची." लगेच दुसरा आवाज, "मले नाई पायजे. तूच ठेव."

माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "हा तुमचाच ना? ठेवू का दाबू?"

दुकानात तिसरं कोणी नव्हतं. तरी मी हळूच म्हणालो, "दाबा."