नाव कुणी घेतलं?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी हसून उठून जाणारी. वडील सायन्सचे मास्तर, आमच्या घरात कधी कुणाची दृष्टसुद्धा काढली नाही. तेव्हा हे वाचून ‘बाईला भास झाला’ म्हणायचं तर खुशाल म्हणा...

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा. लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणावर माझ्या यजमानांची नोकरी होती, राहायला तिथलंच क्वार्टर. शेजार नाही, मूलबाळ नाही. दिवसभर बोलायचं तर भिंतींशी. यजमानांना वेड बदकांचं. थंडीत उत्तरेकडून चक्रवाक, थापट्या असं कायकाय यायचं. साहेब लोक बंदुका घेऊन यायचे, हे दुर्बीण. एवढं निरखून माझ्याकडे कधी पाहिलं असतं तर... असो.

एका सकाळी चहा निवायला लागला म्हणून मी बोलवायला गेले. पाण्यावर दाट धुकं. पाणी ओसरून काठाचा गाळ उघडा पडलेला, आणि हे दुर्बीण डोळ्याला लावून त्या गाळातच पुढे पुढे चाललेले. म्हशी घेऊन आलेले धोंडीभाऊ ओरडत होते, “ओ सायेब, मागं या!” पण शिकारीला येणारा जो तो साहेबच, हाक आपल्यालाच आहे हे यांना कळायचं कसं? यांनी मान वळवली नाही.

“वैनी, तुमी हाक मारा,” धोंडीभाऊ म्हणाले. “तितं म्हस रुतली तर वर येत न्हाई.”

मी ओरडले, “अहो... अहो, ऐकलंत का?” यांचं चालणं चालूच. आता नावानेच हाक मारायला हवी होती. पण नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. डोळ्यांदेखत माणूस चाललाय आणि माझी जीभ उचलेना.

तेवढ्यात पाण्याकडून, धुक्यातून हाक आली — यांचं नाव, चक्क एकेरी, आणि पुढे “थांब.” आवाज माझा होता.

सगळी बदकं एकदम उडाली. हे जागीच थांबले, खाली पाहिलं आणि गुडघ्यापर्यंत रुतलेले पाय उपसत मागे आले. चेहरा मात्र खुललेला.

“तू मला नावाने हाक मारलीस?”

“मी नाही हो.”

“तुझा आवाज मला कळत नाही?”

धोंडीभाऊ हळूच म्हणाले, “सायेब, म्या वैनींकडंच बगत व्हतो. त्यांचं त्वांड मिटल्यालं व्हतं.”

त्यानंतर हे रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसू लागले. दुर्बीण घरी खुंटीला. एकदा जेवताना म्हणाले, “तू तरी म्हण ना एकदा तसं.” मी खूप जोर केला. तोंडातून आलं, “अहो... भात वाढू?” ते हसले, जेवण उरकलं आणि काठावर निघून गेले.

कुणी म्हणतं प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनीला आधी कुणीतरी हाक मारावी लागते. मला आजवर उलगडा झालेला नाही. जी कोण होती तिने माझं कुंकू राखलं, तिचे उपकार जन्मभर मानीन. आणि तरी खरं सांगते, मला तिचा हेवा वाटतो.