दही चाललं, हात चालला नाही

अन्याय झाला तो माझ्या आईवर. मागच्या दिवाळीनंतर, आमच्या गावात कापसाची वेचणी सुरू झाली त्या पहिल्या सकाळी, टोळीतल्या सगळ्या बायांच्या देखत. मी सुटीला घरी आले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. कुणी मला सांगितलेलं लिहीत नाही.

गाव आर्वी तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण आईला तिथेच राहायचं आहे.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी लहान दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा आणि मग पहिल्या बोंडाला हात घालायचा. गावातल्या मोठ्या मालकाच्या शेतात हा दहीभात ठेवायचा मान टोळीच्या म्होरकीचा, आणि म्होरकी माझी आई. मी चालायला लागायच्या आधीपासून. दहीही आमच्याच म्हशीचं. हिच्या हाताला बरकत आहे, असं मालकीण चारचौघीत सांगायची.

मग बाबांच्या घशाचा आजार निघाला. त्या दिवसांत आई वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांच्या खाटेखाली झोपायची. शेजारच्या खाटेवर एका म्हातारीचा मुलगा होता. म्हातारी तळेगावकडची, ख्रिस्ती. एक दिवस तिने आईला विचारलं, "मी माह्या लेकासाठी प्रार्थना करून राह्यली, तुया नवऱ्याचंही नाव घेऊ काय?" आई म्हणाली, घ्या. एवढंच झालं. चमत्कार झाला नाही. बाबा गेले, म्हातारीचा मुलगाही गेला. पण बाबा गेले त्या दुपारी आमचे सख्खे नातेवाईक दाराबाहेर गाडीची चौकशी करत होते, आणि आपला मुलगा गमावलेली ती म्हातारी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आई मला पुढे एकदा म्हणाली, "मले त्या वक्ताले देव दिसला नाई. पण मी एकटी नाई, हे समजलं."

त्यानंतर आई रविवारी आर्वीला जायला लागली. टिनाच्या एका खोलीत पंधरावीस माणसं जमतात, पेटी वाजते, गाणी होतात, प्रार्थना होते. मीही जात गेले. वर्ध्याला कॉलेजात आले, मजुरांच्या संघटनेत पडले, पत्रकं लिहायला शिकले, मोर्चात घोषणा द्यायला शिकले, तरी जात राहिले. आम्हा दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. लोक विचारतात, काय मिळालं? तांदूळ नाही मिळाला, नोकरी नाही मिळाली. बाबा गेल्यावर आईने जेवण टाकलं होतं. ती परत जेवायला लागली. मला हे पुरेसं आहे. तुम्हाला पुरत नसेल तर तो तुमचा प्रश्न.

आईने लपवाछपवी केली नाही. वेचणीच्या आधीच ती मालकिणीला सांगून आली, "बाई, औंदा दहीभात तुम्ही ठेवजा. मी बाजूला उभी राईन. वेचाले मात्र माह्या तासाले लागतो." तास म्हणजे पिकाची ओळ. मालकीण नुसतं म्हणाली, "पाहू."

त्या सकाळी मालकीण नेहमीसारखी आमच्या दारात उभी. हातात स्टीलचा डबा.

"दही दे वं."

मी चुलीजवळ होते. आईच्या आधी मी बोलले, "काकू, आमचं दही चालते काय तुमच्या देवाले?"

मालकीण गोंधळली. तिच्या डोक्यात तो विचारच आला नसावा. सीतादही म्हणजे आमच्या घरचं दही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. आईने मला डोळ्याने गप्प केलं आणि डबा भरला. "म्हशीले काय मालूम वं, कोण कोण्या देवाचं हाय," म्हणाली. मालकीण हसली. दोघी बोलत बोलत शेतापर्यंत गेल्या. डबा आईनेच वाहून नेला, कारण मालकिणीचे गुडघे दुखतात.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मालक उभा होता. त्याच्यामागे टोळीच्या बाया, कमरेला फडक्याच्या ओट्या बांधून तयार. पानांवर दव होतं.

मालक म्हणाला, "बाई, दहीभात ठेवजो अन लाग कामाले."

आई म्हणाली, "मी बाईले सांगतलं व्हतं, मालक."

"मले कोणी नाई सांगतलं. ठेवत असशीन तं आत ये. नाई तं घरी जा."

मालकीण खाली बघत होती. आईने डबा तिच्या हातात दिला आणि धुऱ्यावर मागे सरकली. मालकिणीने दगड मांडले, कुंकू लावलं, आमच्या म्हशीचं दही भातावर ओतलं. बाया आत शिरल्या. दही आत गेलं आणि आई बाहेर राहिली. हे मी पाहिलं, आणि हे अजून माझ्या घशातून खाली उतरलेलं नाही.

शहरातल्या वाचकाला वाटेल, एका शेतात नाही तर दुसऱ्या शेतात. तसं नसतं. टोळी एकच असते. हंगामाच्या सुरुवातीला जी टोळीत नाही, ती हंगामभर कुठेच नाही. मालकाने नाही म्हटलेल्या बाईला दुसरा कुणी आत घेत नाही. आणि बाबांच्या मागे आईला माणसं म्हणून जी काही उरली होती ती याच बाया. त्यांच्यासोबत ती हसते, भांडते, भाकरीचं फडकं सोडते. तिची ती जागा पणाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. पुरुष वर, बाया खाली. आईला मधे उभी केली. मी तिच्या बाजूला.

मालक ओरडला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. समजावल्यासारखं बोलला. "आम्ही तुले तुया देव सोड म्हणून नाई राह्यलो. तू रविवारी कुठंबी जाजो. फक्त दही ठेव. पाच मिन्टाचं काम."

"पाच मिन्टाचंच हाय," आई म्हणाली. "पण मनात एक अन हातात एक असं करून ठेवू काय? तुमच्याच पिकाले खोटं पडते मालक ते."

मागून कुणीतरी म्हणालं, "किती थैल्या तांदूळ भेटला वं?"

आई मागे वळली. "भेटला असता तं दर साली तुमच्या पऱ्हाटीत काऊन वाकली असती? घरी भात खात नसती बसली?"

बाया हसल्या. ओट्यावरचेही दोघेतिघे हसले. मालक हसला नाही. तो म्हणाला, मग ठरलं, दही ठेवशील तेव्हा ये.

मी बस स्टँडवर, कलेक्टर कचेरीसमोर, कुठेही उभी राहून बोलू शकते. त्या ओट्यासमोर मला ते जमलं नाही. कायदा, हक्क, घटना, सगळे शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले. आईने माझं मनगट धरलं होतं.  मी डोळे मिटले नाहीत. मनातल्या मनात देवाला म्हटलं, बापा, हिला उभी ठेव. दुसरं काही मागायला सुचलं नाही. आई उभी राहिली. बैठक उठून शेवटचा माणूस जाईपर्यंत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "चाल, म्हशीले पाणी पाजाचं हाय."

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. शीर्षकच जळजळीत घातलं. आईने वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाली, "छाप. मी नाई म्हणत नाई. पण मालकिणीले राक्षसीण नको लिहू. थे तुया बाबाच्या तेराव्याले भांडी घासाले आलती."

"अन धुऱ्यावर डबा घेऊन मुकी उभी राह्यली, ते?"

"ते लिही. ते खरं हाय."

मग तिने भिंतीला टेकून प्रार्थना केली. तिची प्रार्थना पुस्तकातली नसते. घरातल्या माणसाशी बोलावं तशी असते. त्या दिवशी म्हणाली, "बापा, मले राग आला हाय. तुले मालूमच हाय. त्या रागानं माह्या तोंडून काही वंगाळ निघू नको देऊ. अन मले सकाळी जायाची हिंमत दे."

सकाळी कुठे जायचं, मी विचारलं.

"वावरात."

ती खरंच निघाली. कमरेला ओटी बांधून. मोठ्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही, कुणाला हाक मारली नाही. मी सोबत गेले, कारण मला भीती वाटत होती. धुऱ्यावरून जाणारा एक ट्रॅक्टरवाला आमच्या इतक्या जवळून गेला की आईचा पदर चाकाला घासला. वरून म्हणाला, "बोलाव तुया येशूले, वेचू लागते." आईने पदर झटकला आणि परत बांधला. तिचे ओठ हलत होते. मी दगड उचलला होता. तो परत खाली टाकायला मला वेळ लागला.

तेव्हा मला ते दिसलं.

टोळीत प्रत्येकीचे तास ठरलेले असतात. म्होरकीचे दोन तास मधले, तिच्या डाव्याउजव्या हाताला बाकीच्या. आणि दुसरीच्या तासात हात घालायचा नाही, हा बायांचा पक्का नियम. भांडण नको म्हणून कधीतरी कुणीतरी घालून दिलेला. टोळी अर्ध्या शेतापर्यंत पुढे गेली होती. मागे सगळी पऱ्हाटी वेचून हिरवी-तपकिरी झालेली, आणि मधोमध दोन तास पांढरेशुभ्र उभे. एक बोंड कुणी खुडलेलं नव्हतं.

मालकालाही ते दिसलं. तो तरातरा आत गेला. आईच्या बाजूला नेहमी तिची जोडीदारीण वेचते, वयाने आईएवढीच, जिभेने आईपेक्षा तिखट. मालकाने तिलाच धरलं.

"हे तास कायले सोडले?"

"ते तिचे हायत."

"ती टोळीत नाई."

"हाय ना मालक," जोडीदारीण वेचता वेचता म्हणाली. "थे पाहा, धुऱ्यावर हाय. आली की वेचन."

"मी सांगून राह्यलो, तू वेच."

"मले माह्येच तास पुरून उरले. कंबर मोडून राह्यली माही."

मालकाने एकेकीला सांगितलं. एकीची कंबर, दुसरीचं डोकं, तिसरीला ऐकूच आलं नाही. शेवटी तो स्वतः त्या तासात शिरला. दहाबारा बोंडं ओरबाडली, निम्म्या कापसाला पाचोळा चिकटलेला. एक तरुण सून तोंडात पदर कोंबून हसली. मालकाने तो कापूस तिथेच टाकला आणि घराकडे निघून गेला.

आई त्या दोन तासांकडे बघत होती. रडत नव्हती. म्हणाली, "पाहून राह्यली काय? मी एकटी नाई."

दवाखान्यातल्या त्या दुपारचं तेच वाक्य. मी ते तोपर्यंत खूपदा ऐकलं होतं, पण ते किती भार पेलतं हे मला त्या धुऱ्यावर समजलं. मला पत्रक लिहायला येतं. त्या वाक्याशिवाय रोज सकाळी ओटी बांधून तिथे उभं राहायला मला आलं नसतं. ते आईला ज्याच्याकडून आलं, त्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही.

असे काही दिवस गेले. आई जात राहिली. त्या दोन तासांतली बोंडं फुटून लोंबायला लागली. मग एका सकाळी मालकीण धुऱ्यावर आली, दुखरे गुडघे सांभाळत. हातात आमच्या घरचं दही नेलेला तोच डबा, आता भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला. आमच्याकडे शेजारणीचं दही नेलं की भांडं रिकामं फिरवत नाहीत.

"घे," ती म्हणाली. आईकडे न बघता. "कापूस खाली पडून राह्यला. वारा आला तं मातीत जाईन. तुये तास तू वेचून टाक."

"मालकाले इचारलं काय?"

"थे आर्वीले गेलते," मालकीण म्हणाली. "आता येतीन. तू लाग."

माफी नाही, चूक झाली नाही, काही नाही. आईने डबा माझ्याकडे दिला, पहिल्या पऱ्हाटीशी थांबली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि वाकली. जोडीदारीण पलीकडून ओरडली, "झोपली काय वं आजवर? आमी पोचलो पल्ल्याड." आई म्हणाली, "तुयासारखं अर्धं बोंड झाडावर ठेवून नाई जात मी." मालक परत आला, त्याने पाहिलं, आणि मोटारसायकल न थांबवता पुढे गेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. आईने ते दोन तास वेचले, तेवढेच. टोळी पुढच्या शेतावर गेली तेव्हा तिथल्या मालकाने परत दह्याची अट घातली आणि आई परत धुऱ्यावर उभी राहिली. अर्धा हंगाम तिचा असा गेला. कुठे बायांनी तास ठेवले, कुठे नाही ठेवता आले. आर्वीच्या टिनाच्या खोलीत आई दर रविवारी त्या सगळ्या मालकांची नावं घेऊन प्रार्थना करते. मी बाजूला बसून दात आवळते आणि शेवटी आमेन म्हणते. तिच्याइतकं मन मला अजून जमलेलं नाही.

आता तुमच्याकडे वळते. तुमचं या जिल्ह्यात शेत असेल, किंवा तुमच्या भावाचं, सासऱ्याचं असेल, तर यंदा वेचणीच्या पहिल्या सकाळी स्वतः धुऱ्यावर जा. सीतादही तुमचं आहे, मनापासून करा, त्याला माझी आडकाठी नाही. पण ओटी बांधून कुणी बाई बाहेर उभी दिसली, तर कुठलीही अट न घालता तिला तोंडाने बोलवा आणि तिचे तास तिला द्या. मागाहून शेंगा पाठवू नका. त्याच सकाळी, सगळ्यांच्या देखत बोलवा.