गोधडीच्या गोटाला गव्हाचा चीक

प्रकाशभाऊंनी टेबलावर प्लास्टिकची एक पुडी ठेवली. पुडीत एक टाचणी होती. शेजारी तान्ह्या बाळाची गोधडी, पिवळ्या चिमण्यांच्या कापडाची.

"पुण्याहून परत आली," भाऊ म्हणाले. "बाळाच्या गोधडीत टाचणी, ताई! बाळाच्या!"

बाळाला काही झालं नव्हतं. आई घडी उलगडत होती, तिच्याच बोटाला टोचली. पण भाऊंचा चेहरा असा झाला होता, जणू टाचणी त्यांनाच टोचली आहे आणि अजून निघालेली नाही.

मी पुडी उजेडात धरली. टाचणीचं डोकं लाल मण्याचं. आमच्या युनिटमध्ये प्रत्येकीच्या टाचण्यांचा रंग वेगळा. कोणाची हरवली ते लगेच कळावं म्हणून ही पद्धत मीच लावली होती आणि तिचा मला बराच अभिमान होता. लाल मणी म्हणजे इंदूअक्का.

"शनिवारी पुण्याच्या ऑर्डरवाल्या मॅडम स्वतः येताहेत बघायला," भाऊ म्हणाले. "युनिटमध्ये एक जरी टाचणी दिसली तर ऑर्डर बंद. आणि हे बघा, उद्यापासून अक्कांना गोटाला बसवायचं नाही."

"मग कशाला बसवू?"

"घरी बसू द्या आता. वय झालं."

आधी मी कोण ते सांगते. मी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायचे. रिटायर झाल्यावर दोन महिने धुळ्यात घरी बसले, तेवढ्यात घरचे कंटाळले. मग पारोळ्याला प्रकाशभाऊंच्या गोधडी युनिटमध्ये सुपरवायझर झाले. रोज सकाळी एसटीने जाते. युनिट म्हणजे जुनं कापसाचं गोडाऊन, बारा बायका, सहा मशीन आणि एक कूलर. कूलर भाऊंच्या केबिनकडे तोंड करून ठेवलेला.

गोधडीला तीन थर असतात. वरचं कापड, मधलं भरण, खालचं अस्तर. तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र शिवले की चारही कडा उघड्या राहतात, दशा निघतात. त्या झाकायला कापडाची लांब पट्टी दुमडून कडेवर बसवतात. तो गोट. एका बाजूने मशीन मारायची, पट्टी मागे वळवायची, मागून हाताने तुरपाई. हे होईपर्यंत पट्टी जागेवर राहावी म्हणून दोन-दोन बोटांवर टाचण्या लावायच्या. एका लहान गोधडीला साठ-सत्तर टाचण्या सहज. त्यातली एक भरणात घुसली की बाहेरून दिसत नाही.

आणि गोटाचा कोपरा! तिथे पट्टी तिरकी दुमडावी लागते. नीट जमला तर कोपरा पाकिटासारखा टोकदार येतो, नाहीतर लाडवासारखा गोल. आमच्याकडे पाकिटासारखा कोपरा फक्त अक्कांना येतो. बाकीच्या अकरा जणींचे लाडू.

दुपारी मी अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. अक्का सहासष्ट वर्षांच्या. घरी मुलगा-सून चांगले आहेत, खाण्यापिण्याची ददात नाही. पण घरी त्यांना कोणी काही विचारत नाही. इथे कोपरा आला की सगळ्या मशीन थांबतात आणि "अक्का, जरा बघा ना" सुरू होतं. त्यासाठी त्या येतात.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, टाचनी मनीच व्हती. आते माले बारीक दिखत नही. बोटेसले मात्र बठ्ठं कयस."

डोळ्यांना दिसत नाही, बोटांना सगळं कळतं. मला वाईट वाटलं. आणि स्वतःचाच राग आला. गेले सहा महिने त्या सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेत होत्या, ते मला दिसत होतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. कोपरे छान येत होते ना, बस.

म्हणजे आता टाचणीच नको असा उपाय हवा. टाचणी नसली की हरवणार नाही, आणि मग अक्कांना घरी बसवायला कारणही उरणार नाही. उपाय मला माहीत होता. पट्टी टाचायच्या ऐवजी चिकटवायची. गोंदाची बारीक रेघ, वर गरम इस्त्री, की पट्टी शिवेपर्यंत हलत नाही. नंतर धुतलं की गोंद निघून जातो. परदेशात गोधड्या करणाऱ्या बायका हे सर्रास करतात, मोबाईलवर व्हिडिओ आहेत.

फक्त एक अडचण होती. आयटीआयमध्ये एका मुलीने असाच गोंद लावला होता, तेव्हा मी तिला सगळ्या वर्गासमोर उसवायला लावलं होतं. "शिवणकाम आहे, पाकिटं चिकटवायचा धंदा नाही," असं म्हटलं होतं. ती मुलगी आता जळगावला स्वतःचं बुटीक चालवते. तिला यातलं काही कळू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "गोंद? बाळ कोपरा तोंडात घालतं, ताई. केमिकल चालणार नाही."

हे मात्र त्यांचं बरोबर होतं. तान्ही बाळं गोधडी पांघरत नाहीत, चघळतात. म्हणजे गोंद खाता येईल असा हवा. मी दुकानातल्या गोंदाच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि मैद्याची खळ शिजवली. पतंगाला लावतात ती. तिच्यात गुठळ्या झाल्या, आणि गुठळीवर मशीनची सुई टक्कन मोडली.

अक्का लांबून बघत होत्या. "मैदानी खय कसाले व ताई?" त्या म्हणाल्या. "गव्हाना चीक आनसू मी सकायमा."

मी कपाळावर हात मारून घेतला. चैत्र चालू होता. पारोळ्यातल्या प्रत्येक गच्चीवर कुरडया वाळत होत्या. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, वाटून गाळतात, खाली बसतं ते सत्त्व घोटून शिजवतात. तोच चीक. मऊ, पांढरा, एक गुठळी नाही, आणि हाताला लागला तर धुवेपर्यंत सोडत नाही. इतकी वर्षं वाटी-वाटी चीक खाल्ला, पण तो गोंद आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का स्टीलचा डबा घेऊन आल्या. चीक कोमट पाण्यात पातळ केला. मेंदीच्या कोनात भरला, टोक कातरलं. अक्कांनी डाव्या हाताच्या बोटाने कड चाचपली, उजव्या हाताने कोन फिरवला. केसाएवढी रेघ. पट्टी बसवली, मी इस्त्री फिरवली. पट्टी पापडासारखी कडक बसली. कोपरा तर असा आला की हाताला टोचेल.

आता भाऊंचा हुकूम होता की अक्कांना गोटाला बसवायचं नाही. चिकटवायला बसवायचं नाही असं ते म्हणाले नव्हते. मी अक्कांना मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांआड बसवलं. बाकीच्या अकरा जणींना डोळा मारला. भाऊ दिवसातून दोनदा केबिनमधून बाहेर यायचे आणि विचारायचे, "अक्का घरी ना?" आणि अकरा बायका एका सुरात म्हणायच्या, "घरीच आहेत, भाऊ." खोटं बोलण्यात माझं युनिट एवढं तरबेज असेल असं वाटलं नव्हतं.

सगळ्या टाचण्या मी एका डब्यात भरून, डबा कुलपात टाकून किल्ली पर्समध्ये ठेवली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मॅडमना दाखवायच्या बारा गोधड्या तयार झाल्या. इस्त्रीची वाफ जावी म्हणून त्यातल्या अकरा मागच्या अंगणात पत्र्याखाली दोरीवर टाकल्या. बारावी नमुना म्हणून भाऊंच्या टेबलावर ठेवली. मी खुशीत एसटी पकडली.

शनिवारी सकाळी पोहोचले तर अंगणात शेजारची बकरी. मागच्या दोन पायांवर उभी. गोधडीचा कोपरा तोंडात, डोळे अर्धवट मिटलेले. मी हाकललं तर दोन पावलं गेली आणि दुसऱ्या गोधडीला लागली. चार गोधड्यांचे कोपरे चाटून ओले केलेले. नशीब, फाडलं काहीच नव्हतं. चवीने चाटत होती.

चवीने?

मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. जिला बकरीने तोंड लावलं नव्हतं अशी एक गोधडी घेतली आणि गोटाला जीभ लावली. एकतीस वर्षं शिवणकामात काढली, पण कापड चाखायची वेळ पहिल्यांदाच आली होती. खारट. मागून हिंग. आणि बहुतेक जिरं.

"अक्का!" मी ओरडले. "चिकात मीठ आहे?"

अक्का ताग्यांआडून बाहेर आल्या. मी वेड्यासारखं काही विचारलं असावं अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बिगर मिठना चीक कोन करस व माय? मीठ, हिंग, बठ्ठं शे त्यामा."

चूक त्यांची नव्हती. चीक आणते म्हणाल्या, चीकच आणला. खानदेशातल्या कुठल्याही बाईला विचारा, अळणी चीक शिजवायचा तर हात धजत नाही.

पण मिठाने दमटपणा धरला होता. गोट हाताला ओलसर लागत होता आणि मागचं अंगण कुरडईच्या घाण्यासारखं वास मारत होतं. मॅडम यायला दीड तास होता. दोनच वाटा होत्या. गोधड्या लपवायच्या, किंवा धुवायच्या.

"सगळ्या जणी बादल्या घ्या," मी म्हटलं.

भाऊ धावत आले. "नवा माल धुतात का कुठे? ताई, तुम्ही..." तेवढ्यात त्यांना बादलीत हात घातलेल्या अक्का दिसल्या. "आणि या इथे कशा?"

"भाऊ, आधी पाणी सोडा. नंतर ओरडा."

त्यांनी पाणी सोडलं. तुरपाई पक्की होती, कापड आधीच धुऊन कापलेलं होतं, रंग जायची भीती नव्हती. चीक दोन पाण्यात निघून गेला. गोट मऊ झाला, कोपरे जसेच्या तसे. आणि खानदेशच्या उन्हाला आपण वर्षभर शिव्या घालतो, त्या दिवशी मी त्याला हात जोडले. छोट्या गोधड्या, पातळ भरण. पाऊण तासात ठणठणीत वाळल्या.

शेवटची काढत असतानाच मॅडम आल्या. तिशीतल्या, गळ्यात चष्मा, हातात मोठं लोहचुंबक. मला त्या एकदम आवडल्या.

"धुतल्यात का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लहान मुलांचा माल आमच्याकडे धुऊन, उन्हात वाळवूनच बाहेर जातो." हा नियम दीड तासापूर्वीचा होता, पण नियम होता. भाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग मान हलवू लागले.

मॅडमनी प्रत्येक गोधडीवरून चुंबक फिरवलं. काही चिकटलं नाही. कोपरे बोटाने दाबून बघितले. मग केबिनमध्ये गेल्या आणि टेबलावरची बारावी गोधडी उचलली. ती धुवायची राहून गेली होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली. "याला हिंगाचा वास का येतोय?"

भाऊंनी छताकडे बघितलं. मी तोंड उघडलं. काहीतरी रचून सांगणारच होते, पण अक्का दारातून आधीच बोलल्या. "मीठ बी शे."

मग काय, सगळं सांगावं लागलं. टाचणी कोणाची, डोळ्यांना किती दिसतं, चीक कसा लावला. अक्कांनीच अहिराणीत सांगितलं, मी फक्त मराठी केलं. काही लपवलं नाही. बकरीसुद्धा आली त्यात. "पोऱ्यानी बठ्ठा कोपरा खाई टाका तरी काही व्हनार नही," अक्का शेवटी म्हणाल्या. "बकरीले दखा, मजामा शे."

ऑर्डर गेली तर भाऊ खापर कोणावर फोडतील हे उघड होतं, आणि अक्का हातात हात घेऊन दारात उभ्या होत्या, मॅडमकडे नाही, जमिनीकडे बघत.

मॅडमनी गोधडीचा कोपरा उचलला आणि सरळ जिभेला लावला. क्षणभर विचार केला.

"मीठ जरा जास्त आहे," त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या. "पुढच्या वेळी अळणी करा. पण बाकी पद्धत हीच ठेवा. आणि कोपरे दुसऱ्या कोणी करायचे नाहीत."

भाऊ खुर्चीतून उठले. "छे छे, मॅडम! अक्का म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या. त्यांच्याशिवाय गोटाचा आम्ही विचारच करत नाही."

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ कूलरकडे बघत होते. अकरा बायका दाराबाहेर तोंडात पदर कोंबून उभ्या.

अक्का अजून येतात. ताग्यांआड नाही, खिडकीजवळ, कूलरच्या वाऱ्यात बसतात. चीक आता मी घरून शिजवून आणते. अळणी. अक्का डबा उघडला की रोज नाक मुरडतात. गोंदाला नाही, माझ्या स्वयंपाकाला.

तेव्हापासून नव्या येणाऱ्या बायकांना मी एवढंच सांगते. गोट शिवून झाला की टाचणी शोधा, दोरा ओढून बघा, कोपरा दाबून बघा. आणि गोंद घरचा असेल तर चाखून बघा, शेजारच्या बकरीच्या आधी.