क्रमांक सात

सरकारी दवाखान्यांच्या ढिसाळपणावर पत्रकं काढताना माझा हात कधी अडखळला नाही. हे लिहिताना अडखळतोय.

मी आरोग्य प्रशासनाच्या पदवीला आहे. रुग्णांना किती ताटकळावं लागतं, ते मी प्रकल्पासाठी आमच्याच जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात घड्याळ लावून नोंदवत होतो. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात तक्ता.

रिठदकडून आलेल्या एका म्हातारीला मी दारातच गाव आणि वय विचारलं. तक्त्यावर नाव नको असतं, म्हणून तिला सांगितलं, "आजी, तुमी सात नंबर."

ती भिंतीशी जाऊन बसली. सुजलेल्या गुडघ्यावरून सारखा पदर फिरवायची. पिशवीतून जुनी चिठ्ठी काढून बघायची, पुन्हा घडी घालून ठेवायची. असे दोन तास गेले. रांगेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र मनात पत्रकाचा मथळा जुळवत होतो.

बारा वाजता केसपेपरची खिडकी बंद झाली. मी तावातावाने तिच्याकडे गेलो.

"आजी, रांगेत काहून नाही लागल्या तुमी?"

"कायले लागू? तू लिवलं ना मले. म्या म्हटलं, पोरगं हाक मारीन."

चिडायला समोर दुसरं कोणी नव्हतं. विनवण्या करूनही खिडकी उघडली नाही. तो नंबर दवाखान्याचा नव्हता, माझा होता, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

"जाऊ दे बाबू," ती गुडघा धरून उठली. "उद्या सकायीच येतो मी. तू राह्यशीन ना लिवाले?"

मी हो म्हणालो. माझा प्रकल्प त्याच दिवशी संपला होता.