बाबा कॅमेऱ्यासमोर
काल कपाट आवरताना बाबांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची चामड्याची बॅग सापडली आणि तिच्या वासासरशी मला सारसोळ्याची जेट्टी आठवली. तेव्हा बाबांची एकसष्टी जवळ आली होती. निमंत्रणावर छापायला त्यांचा फोटो शोधला, तर घरातल्या एवढ्या अल्बमांत बाबा कुठेच नव्हते. सगळे फोटो त्यांनीच काढलेले. आई म्हणाली, "चला, आज मी काढते." तिने ही बॅग खांद्याला लावली आणि आम्ही तिघं नेरूळच्या घरून चालतच सारसोळ्याच्या खाडीवर गेलो. ओहोटी होती, चिखलाचा खारट वास सुटला होता, पालथ्या घातलेल्या होड्यांवर जाळी वाळत होती. आयुष्यभर आईला "हनुवटी वर, डोळे मिटू नकोस" असं सांगणारे बाबा एका होडीपाशी उभे राहिले, आणि हातांचं काय करावं हेच त्यांना कळेना. "पोट आत घ्या," आई म्हणाली. "अगं, आधी फोकस बघ." "तुम्ही गप्प उभे राहा हो!" तरी त्यांचा चेहरा ताठच. शेजारी जाळं सांधत बसलेली कोळीण मघापासून बघत होती. ती ओरडली, "दादा, फोटो हाय, पंचनामा नाय! हासा की जरा." बाबा डोळे मिटेपर्यंत हसले आणि आईने बटण दाबलं. फोटो तिरका आला, कोपऱ्यात तिचं बोटही आलं. "दुसरा काढूया का?" मी विचारलं. बाबांनी कॅमेरा हातात घेऊन त्याची स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "नको, हाच छाप," ते म्हणाले, "मी असा दिसतो होय?" आता कुठेही गेलो की फोन आईच्या हातात असतो, आणि मी शेजारी जाऊन उभी राहीपर्यंत बाबा मधोमध हसत तयार असतात.