उंदीर सोडणारी मांजर

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात साडीला फॉल लावून घ्यायचा असेल, तर सोबत दोन गोष्टी न्याव्या लागतात. साडी आणि शिळ्या भाकरी. साडी विसरली तर त्रिशलाआक्का हसून म्हणतात, "उद्या आणा की." भाकरी विसरल्या तर हसत नाहीत.

आक्का हे माहेरचं, कुरुंदवाडचं नाव. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा पाठराखीण म्हणून आलेल्या धाकट्या बहिणीनं चारचौघांत "आक्का" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून सासूसकट सगळ्या बोळाच्या त्या आक्का झाल्या. नवरा, अण्णाप्पा, जाऊन पाच वर्षं झाली. मागं राहिलं ते दोन खोल्यांचं घर, पायानं चालवायचं मशीन आणि पायरीवरची तीन कुत्री. बोळात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाची चौकशी करतो तो हवालदार. एका दुपारी कुठूनशी आली आणि गेलीच नाही ती दुपार. तिसरीचं नाव जिलबी. तिची शेपटी पाहिली की कारण विचारावं लागत नाही.

फॉल-पिकोच्या कमाईत तिघांची पोटं भरायची म्हणजे डोकं लावावं लागतं. भाकरी वाळलेली असेल तर चुरून ताकात भिजवायची. मऊ असेल तर वरणाच्या पाण्यात. बाजारात तांदळाची कणी स्वस्त मिळाली की दोन दिवस पेज. आलेल्या प्रत्येक भाकरीचा आक्का आधी वास घेतात आणि बुरशीचा ठिपका दिसला की गिऱ्हाइकाच्या हातात परत देतात. "ही तुमच्या पोराला घालशीला काय?"

आणखी एक शिस्त होती. आक्कांचा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम लहानपणापासूनचा, आणि आपल्या दारात दुसऱ्या कुणी त्यानंतर जेवावं हेही त्यांना पटत नसे. थंडीत साडेपाचला, मे महिन्यात साडेसहाला तिघं पायरीवर ओळीनं बसत. खाणं झालं की आक्का थाळ्या घासून पालथ्या घालत आणि सांगत, "आता उद्या." तिघं निमूट उठून जात. बोळातले लोक म्हणत, आक्कांच्या कुत्र्यांइतका नेम माणसांना जमत नाही.

पण आक्कांचा खरा अभिमान घरात होता. साय नावाची पांढरी मांजर. दोन वर्षांपूर्वी अस्तराच्या कापडांत सापडलेलं पिल्लू. बोळात मोटारसायकली फार म्हणून तिला उंबऱ्याबाहेर जायची परवानगी नव्हती. दूधभात, तूपभाकरी आणि सणाला पापडाचा तुकडा, एवढ्यावर ती वाढली. एके दिवशी आक्का मशीनवर असताना एक उंदीर सायच्या नाकासमोरून, अगदी वीतभर अंतरावरून चालत गेला. साय बसल्या जागेवरून हलली नाही. आक्कांचा पाय मशीनवरच थांबला. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्यावर त्यांनी ही गोष्ट चारजणींना सांगितली आणि त्या चारजणींनी आणखी सोळाजणींना. त्यांच्यातलीच सोनल, जी सहसा कशाला चांगलं म्हणत नाही, तीसुद्धा म्हणाली, "संगत चांगली मिळाली हो तिला."

भिंतीला भिंत लागून हंबीरराव आणि शालूबाईंचं घर. हंबीरराव पूर्वी दुधाचा टँकर चालवायचे. आता बुधवारी आणि रविवारी मटण आणणं, एवढीच ड्यूटी. त्या दिवशी फोडणी टाकायच्या आधी ते भिंतीपलीकडून मोठ्यानं ओरडत, "आक्का, खिडकी लावून घ्या!" आक्का खिडकी लावत, उदबत्ती लावत. तीस वर्षांत यावरून एकदाही भांडण झालं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर शालूबाई साडी घेऊन आल्या होत्या. साय कोपऱ्यातून उठली, वाटीकडं निघाली आणि वाटेतल्या घागरीला धडकली.

"आक्का, मांजराला दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की. डोळं बघ किती टपोरं!"

"त्येच म्हणालोय मी. उनात मांजराचं डोळं चिरीवानी बारीक हुत्यात. हिचं बघा, नुसतं काळं कुळकुळीत."

आक्कांनी सायला उचलून दारातल्या उन्हात धरलं. डोळे तसेच, मोठे आणि गोल राहिले.

भाकरीच्याच पिशवीत घालून, हंबीररावांच्या स्कूटरवर मागं बसून आक्का तिला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या क्रांती डॉक्टर मुरगूडच्या. वयानं लहान, बोलायला रोखठोक. त्यांनी टॉर्च पाडून दोन्ही डोळे बघितले.

"काय घालता खायला?"

आक्कांनी दूधभातापासून पापडापर्यंत सगळं सांगितलं.

"आणि मटण, मासळी, अंडं?"

"आमच्यात चालत न्हाय."

"तुमच्यात नाही विचारलं. हिच्यात?"

आक्कांनी पिशवीची घडी सारखी केली.

"बरं, उंदीर तरी मारते का?"

आता आक्का ताठ झाल्या. "न्हाय. नाकासमोरनं गेला तरी सोडती."

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला. आवाज थोडा खाली आणला. "आक्का, ती उंदीर सोडत नाही. तिला उंदीर दिसत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मांजराच्या डोळ्याला आणि हृदयाला एक घटक लागतो, तो मांसातून मिळतो. कुत्र्याचं शरीर तो स्वतः बनवतं, म्हणून कुत्री भाकरीवर निभावून नेतात. मांजराला ते जमत नाही. गेलेली नजर आता पुरती परत येणार नाही. राहिलेली मात्र टिकवता येईल, आणि उशीर केला तर हृदयावर जाईल.

"पावडर, गोळी काय?"

"मिळते, पण बाहेरून मागवायची, आणि जन्मभर. तुम्हाला झेपायची नाही. डब्यातलं तयार खाणं मिळतं, पण त्यातही मासळी असतेच."

"मग?"

"कोंबडीची काळजं. नुसती उकडून, बारीक करून. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. चिकनच्या दुकानात त्याच्यापेक्षा स्वस्त काही नसतं."

परतीच्या वाटेवर आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. हंबीररावांनी दोनदा मागं वळून पाहिलं, पडल्या की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका साडीचा फॉल निऱ्यांच्या जागी लावायचा तो पदराला लावला. उसवत बसल्या होत्या तेव्हा शालूबाई ताक घेऊन आल्या.

"काय ठरवलासा?"

"माझ्या हातानं ते घरात यायचं न्हाय, शालू. आणि न आणावं तर हिचं राहिलेलं डोळं मी काढून घेतल्यासारखं हुतंय. कुणाला देऊन टाकावं म्हटलं, तर अर्धं आंधळं मांजर कोण घेतंय?"

"नेम तुमचा, आक्का. मांजरानं कवा हात जोडलं हुतं?"

आक्कांच्या हातातली सुई थांबली.

"माझ्याकडं जेवंल की ती," शालूबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं! तिघं जेवत्यातच."

"कोण तिघं?"

शालूबाईंनी जीभ चावली. पण त्या शालूबाई होत्या, निघालेला शब्द परत घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "आता हवालदार... दुपार. जिलबी बी येती, पर बुधवार-आयतवारीच. नवाच्या सुमाराला. मागल्या दारानं."

"कवापासनं?"

"भावजी हुते तवापासनं. त्यास्नी म्हाईत हुतं. ते म्हणले, आक्काला सांगू नगासा."

आक्कांनी पायरीकडं पाहिलं. हवालदार तिथंच होता. त्यानं मान वळवून बोळाच्या दुसऱ्या टोकाची चौकशी सुरू केली.

"साडेपाचला माझ्याकडं नेम पाळायचा," आक्का सावकाश म्हणाल्या, "आणि नवाला तुझ्याकडं मोडायचा?" आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. डोळे पुसायला पदर घ्यावा लागला, इतकं. अण्णाप्पांच्या फोटोकडं बोट करून म्हणाल्या, "ह्यांनी तरी सांगायचं न्हाय व्हय?"

हसून झालं, तरी प्रश्न उरलेच. सायला शालूबाईंकडं न्यायचं ठरलं. पण त्याचे पैसे? आक्कांनी पैसे दिले तर ती खरेदी झाली. नाही दिले तर उपकार. फुकट फॉल लावून देते म्हटलं, तर तेही मटणाचंच मोल. शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "लावू नगा फुकट. दुप्पट पैसं घ्या माझ्याकडनं, मग तर झालं? दुकानदार मूठभर काळजं तशीच पिशवीत टाकतोय." शेवटी आक्कांनी एवढंच मागितलं, की सायचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हावं.

"कोंबडी खाऊन वर नेम?" हंबीरराव भिंतीपलीकडून ओरडले.

"वेळ तरी माझी राहू दे!"

पहिल्या दिवशी आक्कांनी सायला कुशीत घेऊन शालूबाईंच्या मागल्या दाराशी सोडलं आणि पाठ फिरवून वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत उभ्या राहिल्या. मागं वाटी सरकल्याचा आवाज आला. मग एक आवाज आला, जो त्यांनी दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता. घशातून गुरगुरत, मचमच करत घाईघाईनं खाण्याचा. दूधभात साय नेहमी सावकाश, पाहुण्यासारखा खात असे. आक्कांना तेव्हा ते वळण वाटलं होतं.

"आक्का, बघा तरी, कशी हाणालीया!" हंबीरराव म्हणाले.

"तुमीच बघा." पण त्या हलल्या नाहीत. वाटी चाटून संपेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कुत्र्यांचीही चौकशी केली. आक्कांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, हे कुत्र्यांच्या दृष्टीनं उत्तम, आणि रश्श्यातली शिजलेली हाडं मात्र एकदम बंद, असं त्या म्हणाल्या. घरी आल्यावर आक्कांनी हे भिंतीवरून तीनदा सांगितलं. एकदा हंबीररावांना, एकदा शालूबाईंना आणि एकदा कुणालाच नाही, नुसतं मोठ्यानं.

बस्तीत सांगणं त्याहून अवघड होतं. एका सकाळी सोनलनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय म्हणतीय तुमची अहिंसक मांजर?" हसून वेळ मारून नेता आली असती. आक्कांनी चपला काढल्या, नीट कडेला ठेवल्या आणि म्हणाल्या, "ती उंदीर सोडत नव्हती, सोनल. तिला दिसत नव्हता. चूक माझी हुती."  मग सोनलच पुढं आली. "आमच्याकडं एक हाय हो. तिचंबी डोळं जरा..." आक्कांनी तिला दवाखान्याची वेळ सांगितली.

चार महिने गेले. एका दुपारी मशीन चालू होतं, साय खिडकीखाली बसली होती. साड्यांच्या गठ्ठ्यामागून उंदीर निघाला. सायचे कान आधी फिरले. मग मान फिरली. उंदीर थांबला, ती थांबली. तो सरकला, तिची मान सरकली. आणि तिनं झेप घेतली. पंजे पडले ते उंदराच्या शेपटीमागं दोन बोटं. उंदीर कपाटाखाली गेला.

"शालू! अगं शालू! दिसला!"

शालूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "कोण दिसला?"

"उंदीर! हिला!"

"कानानं कळलं असंल."

"न्हाय, न्हाय. कान आधी, मग डोळं. त्याच्यासंगं मान फिरत हुती, म्या बघितलं की!"

"धरला?"

"कुठलं! दोन बोटं. एवढी, एवढीच हुकली बघ बिचारी," आक्का म्हणाल्या आणि जिवापासून चुकचुकल्या.

शालूबाई कमरेवर पिठाचे हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या. आपण कशावर चुकचुकलो, हे आक्कांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी झटकन तोंडावर पदर धरला.

"सोनलला सांगू नकोस हं," त्या पदराआडून म्हणाल्या.

साय कपाटासमोर बसली होती, मोठे गोल डोळे खालच्या अंधारात रोखून. तिला उठवावं असं आक्कांना दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी उठायच्या ऐवजी मशीनवर पाय ठेवला.