इवायाचं वंगण

नांदगाव पेठेचा देवमन ड्रायव्हर सपाट जमिनीवर मोटर उभी केली तरी चाकामागे दगड लावायचा. दगड लावून घरात यायचा, आणि दगड नीट बसला की नाही ते बघायला पुन्हा बाहेर जायचा. लढाईच्या काळात तो फौजेत गाडी चालवायला शिकला, पण तिथेही त्याने बाँबपेक्षा टायरमधल्या हवेचीच जास्त काळजी केली, असं त्याची बायको इंदूबाई चारचौघांत सांगायची. पुढे तो अमरावतीच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडे लागला. शेठने नवी मोटर घेतली तेव्हा जुनी देवमनच्या अंगणात येऊन पडली. तिला त्याने चालती केली आणि गावचे नवरदेव, आजारी माणसं, मास्तरांच्या बदल्यांचं सामान, सगळं तिच्यातून वाहिलं. गावात मोटर एकच होती. तिची काळजी करणाराही एकच होता, पण तो दहा जणांची करायचा.

एकसष्टच्या हिवाळ्यात मात्र काळजीला खरंच जागा होती. त्याची एकुलती एक लेक पंचफुला चिखलदऱ्याला दिली होती. जावई धर्मपाल तिथल्या शाळेत मास्तर. पंचफुलाला सातवा लागला होता. पहिल्या खेपेचं पोर सहाव्यातच गेलं होतं. त्यामुळे अमरावतीच्या डॉक्टरीणबाईने बजावून ठेवलं होतं की माहेरी न्यायची तर आत्ताच न्या, आणि अशी न्या की पोटातलं पाणी हलू नये. म्हणजे एस.टी. नाही, बैलगाडी तर नाहीच. राहिली देवमनची मोटर. सोमवारी जायचं, रात्रभर जावयाकडे राहायचं आणि मंगळवारी लेकीला घेऊन सावकाश घाट उतरायचा, असं ठरलं.

आणि नेमकी त्या आठवड्यात मोटर ओरडायला लागली. ब्रेक दाबला की मागून कुठून तरी अशी किंचाळायची की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची.

"वाजते तं वाजू द्या," इंदूबाई म्हणाली. "तुमी का तिच्यावर गानं गाऊन राहिले?"

"तुले समजत नाई. घाट उतरायचा हाय. ब्रेक काहून वाजते हे समजल्याबिगर मी पोरीले त्याच्यात बसवीन काय?"

मग देवमनने सगळ्या गावाला पुरेल असा तमाशा केला. मोटर शाळेसमोरच्या रस्त्यावर माणसाच्या चालीने चालवायची, मध्येच ब्रेक दाबायचा, आणि इंदूबाईने डोक्यावर पदर घेऊन एकेका चाकाजवळून चालत आवाज कुठून येतो ते ऐकायचं. ती बिचारी चाकाकडे कान करून, वाकून वाकून चालायला लागली.

"काय वं इंदूबाई," ओट्यावरून केशरबाईने हाक मारली, "मोटर गाभण हाय का काय?"

"मोटर नाई, हिचा मालक हाय! नववा चालू हाय त्याले!" इंदूबाईने न वळता सांगितलं, आणि लगेच ओरडली, "अवो, थांबा! हेच. मागचं, डावं."

डावं मागचं चाक ठरलं. दुसऱ्या एखाद्याने तेवढंच उघडलं असतं. देवमनने चारही उघडायचं ठरवलं. एक वाजतं आणि तीन गप्प बसतात, तर गप्प बसणाऱ्यांच्या मनात काय आहे, याची त्याला जास्त धास्ती.

शनिवारी सकाळी तो जॅक लावतच होता, तेवढ्यात दारात छकडा येऊन थांबला. देवमनचे व्याही, वऱ्हाडीत म्हणायचं तर इवाई, बुधाजी आले होते. मोझरीच्या अलीकडे त्यांचं गाव. सून आणायला इवाई एकटा कसा जाईल, म्हणून मुद्दाम सोबतीला आले होते. उंच, काळेभोर, पांढऱ्या मिशांचे. उभा जन्म जिनाकडे कापसाच्या गाड्या हाकण्यात गेलेला. मोटरीत बसायचं म्हणून धोतर नवं कोरं.

"जयभीम, इवाई!"

"जयभीम, जयभीम. या, बसा. इंदू, पानी आन." देवमन म्हणाला. घरात इवाई म्हणजे त्याच्या मानापानाची आणखी एक काळजी.

पण बुधाजी बसणारे नव्हते. त्यांनी नवं धोतर वर खोचलं आणि ते कामालाच भिडले. चाकं निघाली. चाकांमागचे ब्रेकचे ड्रम जाम बसले होते. लाकडी मोगरीने गोल गोल ठोकत तेही निघाले. आत बघितलं तर जिनाच्या आवारात वर्षानुवर्षं फिरल्याचा पुरावा. कापसाची रुई आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमद्यासारखा थर बसलेला, आणि ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे जे लायनर असतात, त्यांची पाठ काचेसारखी गुळगुळीत झालेली. डाव्या मागच्यावर तर आपला चेहरा दिसावा अशी.

"हेच! हेच वाजत होतं." देवमनचा जीव खाली पडला. धूळ झाडली, लायनरवरून काचपेपर फिरवून त्यांना खरखरीत केलं. मग डबीतलं ग्रीस काडीच्या टोकावर घेऊन, लायनरचा लोखंडी जोडा मागच्या पत्र्यावर जिथे टेकतो, तेवढ्याच टिंबाला लावलं. लावताना श्वास रोखून धरला होता.

बुधाजींनी ते बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "काय इवाई, बारशाचा मध चाटवून राहिले काय? एवढुसं?"

"एवढंच लागते."

"लागत अशीन," बुधाजी म्हणाले. पण त्यांच्या मिशांना ते पटलेलं नव्हतं.

चाकाची एक खिळी घासली होती. ती करून आणायला देवमन लोहाराकडे गेला. लोहार घरी नव्हता, मग तो येईपर्यंत देवमन भात्याशी बसून राहिला, आणि बसल्या बसल्या घाटातली सगळी वळणं त्याच्या पोटातून गेली. परत आला तर अंगणात मोटर चारही चाकांवर उभी, आणि बुधाजी राखेने हात घासत होते.

"बसवून टाकलं सारं," ते म्हणाले. "आता पाहा चालवून. आवाज आला तं मिशा काढून देतो."

एवढा मान देणारा इवाई, आणि एवढं काम केलेलं; चाकं पुन्हा उघडून बघणं म्हणजे त्याचा अपमान. देवमनने खिळी घातली, नट पुन्हा पुन्हा आवळून पाहिले आणि मोटर बाहेर काढली. इंदूबाई चाकाशेजारून चालायला तयारच होती. त्याने हलकेच ब्रेक दाबला. चकार शब्द नाही. देवमन कित्येक दिवसांनी हसला. तसाच पुढे गेला, शाळेपलीकडे, जिथे रस्ता नाल्याकडे उतरतो.

तिथे त्याने ब्रेक दाबला आणि मोटर गप्प राहिली. गप्प राहिली आणि चालत राहिली. त्याने आणखी दाबला. सगळं वजन पायावर टाकलं, पण चाकं लोण्यावरून घसरावीत तशी फिरतच होती. हातब्रेक ओढला, तोही त्याच मागच्या ड्रमांचा, तोही तसाच. समोर नाला, नाल्यात धुणं धुणाऱ्या बाया. देवमनने खालच्या गिअरात घातली, मोटर ओरडून कण्हली, आणि त्याने स्टिअरिंग वळवून ती पंजाबराव पाटलांच्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या गंजीत घातली. वाळलेल्या पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या आणि वरची अर्धी गंजी टपावर आली.

इंदूबाई पळत आली तेव्हा तो आतच बसला होता. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

"लागलं काय?"

"आज शनिवार हाय," देवमन म्हणाला. "इंदू, हे मंगळवारी झालं असतं तं?"

ती टपावरच्या पऱ्हाट्या उपसायला लागली.

पाटलाच्या बैलांनी मोटर घरी ओढून आणली. देवमनने डावं मागचं चाक काढलं, ड्रम काढला, आणि त्याला वास आला. जळक्या चिंध्यांचा, काजळीचा, एरंडीच्या तेलाचा. छकड्याच्या कण्याखाली बुधाजींचा बांबूचा नळा लोंबत होता, गाडीवान वंगण ठेवतात तो. सकाळी काठोकाठ भरलेला होता. आता रिकामा. ड्रमच्या आत, लायनरवर, सगळीकडे कण्याला लावतात तसं सढळ हाताने, कोपरान् कोपरा भरून वंगण माखलेलं. बाकीची तीन उघडली, तीही तशीच. बाजूला तुराटीचा कुंचा पडला होता.

बुधाजी बाजेवर बसून तंबाखू मळत होते. "काय झालं इवाई? आवाज तं गेला ना?"

देवमनच्या तोंडात जे आलं ते ऐकलं असतं तर बुधाजी त्याच छकड्यात बसून परत गेले असते, आणि पंचफुलाच्या सासरचं दार देवमनला कायमचं जड झालं असतं. दारात इंदूबाई उभी होती. तिने पदराचं टोक दातात धरून डोळ्यांनीच सांगितलं, की एक अक्षर बोलाल तर खबरदार.

"गेला," देवमन म्हणाला. "आवाज गेला."

तो पेट्रोलने लायनर पुसत बसला. पुसले की कोरडे दिसायचे, आणि जरा वेळाने तेल पुन्हा घामासारखं वर यायचं. असे लायनर पोरीला घाट उतरवणार नव्हते. रविवारी पहाटे तो एस.टी.ने अमरावतीला गेला; तिथे त्या मापाचे मिळेनात. तसाच अकोल्याला. अकोल्याला एका दुकानदाराने बंद दुकान त्याच्यासाठी उघडलं, कदाचित त्याचं तोंड बघून. दुपार कलता कलता तो लायनर आणि रिव्हेटांची पुडी धोतरात बांधून परत आला, तेव्हा बुधाजी अंगणात त्याची वाट बघत होते.

"इवाई, तुमी मले काही सांगून नाई राहिले," ते म्हणाले. "म्या एवढं चांगलं वंगण लावलं, ते तुमी पुसून काहून टाकलं?"

देवमनने लायनर खाली ठेवले. रागावण्याएवढं त्राण आता त्याच्यात उरलं नव्हतं. तो बुधाजींच्या छकड्याजवळ गेला आणि चाकामागच्या आडव्या ओंडक्यावर हात ठेवला. उतारावर दोरी ओढली की तो चाकाला घासतो आणि भरली गाडी बैलांच्या अंगावर जाऊ देत नाही.

"इवाई, या लाकडाले तुमी वंगण लावता काय?"

"याले? याले कोन लावते? हे तं धरलं पायजे..." बुधाजी बोलता बोलता थांबले. त्यांनी ओंडक्याकडे बघितलं, मग उघड्या ड्रमकडे, मग गावाच्या टोकाकडे, जिथे मोडलेली गंजी अजून तशीच होती. ते हळूच बाजेवर बसले. "अन् त्याच्यात तुमी माह्या सुनेले बसवणार होते."

"नाई बसवलं ना? मंग झालं."

"आमच्या घरचं पोर हाय तिच्या पोटात."

"आमच्याई घरचं हाय."

बुधाजींनी जोडा ऐरणीवर घट्ट धरला आणि देवमनने रिव्हेट ठोकून त्यावर नवे लायनर बसवले. अंधार पडायच्या आत चारही चाकं बसली. देवमनने नाल्याच्या उतारावर मोटर थांबवून दाखवली, पुन्हा थांबवली, एवढी थांबवली की धुणं धुणाऱ्या बाया वैतागून घरी गेल्या. मोटर जागच्या जागी थांबत होती. फक्त थांबताना बारीक वाजत होती.

"नवे लायनर हायेत. घासून बसेपर्यंत वाजतीन," देवमन म्हणाला. आणि पुन्हा उघडावं का, या विचाराने रात्रभर कुशी बदलत राहिला.

मंगळवारी चिखलदऱ्याला धुकं होतं. पंचफुलाला मागे गादीवर बसवलं, शेजारी इंदूबाई. धर्मपालने निरोप देताना सासऱ्याचा पांढरा पडलेला चेहरा बघितला आणि तो थंडीने पडला असं समजला. बुधाजी पुढे बसले. त्यांच्या मांडीवर छकड्याचा तोच ओंडका होता, उतरवून सोबत आणलेला.

"हे काय, मामाजी?" पंचफुलाने विचारलं.

"असू दे माय. तुह्या बापाच्या मोटरीले जोडीदार."

पहिलं वळण आलं. खाली दरी धुक्यात बुडालेली, म्हणजे किती खोल ते दिसत नव्हतं, आणि देवमनला ती म्हणूनच जास्त खोल वाटली. बुधाजींनी एका हाताने ओंडका आणि दुसऱ्याने दार धरलं, उडी मारून चाकाखाली घालायच्या तयारीने. देवमनने ब्रेकवर पाय ठेवला.

मोटर किंचाळली. बारीक, लांब, सरळ काळजात जाणारी किंकाळी. आणि हळू झाली.

"बाबा," पंचफुला मागून म्हणाली, "कशी रडते वो ही मोटर! दुरुस्त नाई केली?"

"वाजू दे, माय," बुधाजीच आधी बोलले. त्यांनी दारावरचा हात काढून घेतला. ओंडका मात्र सोडला नाही.

दुसऱ्या वळणावरही ती किंचाळली, तिसऱ्यावरही. मोटर ओरडली की दोघा इवायांच्या छातीतून श्वास सुटायचा, आणि सरळ रस्त्यावर ती गप्प झाली की दोघंही पुढच्या वळणाकडे डोळे लावून बसायचे. परतवाड्याला पोचले तेव्हा पंचफुला आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली होती.

देवमनने मोटर चहाच्या टपरीसमोर, अगदी सपाट जागेवर उभी केली आणि सवयीने दगड शोधायला उतरला. बुधाजी आधीच उतरले होते. त्यांनी मागच्या चाकाखाली ओंडका सरकवला, पायाने ठोकून घट्ट केला, आणि चहा सांगायला गेले. मग अर्ध्या वाटेवरून परत आले आणि तो नीट बसला की नाही ते वाकून बघायला लागले.